उजेडाचा जमाखर्च

आमच्या वाड्यातल्या माजघराला बाहेरची खिडकी नव्हती. चौकातल्या फरशीवर पडलेले ऊन ओसरीच्या भिंतीवर चढे, तिथून उंबरा ओलांडून आत येई, आणि आत येईपर्यंत त्याचे तेज इतके सरलेले असे की तांदूळ निवडायचे झाले तर भर दुपारीसुद्धा आजी सूप घेऊन ओसरीवर जाई. वर्षातून एकदा, नवरात्राच्या आधी, भिंतींना चुना लागे. त्या चुन्यात चिमूटभर नीळ कालवलेली असे. आणि त्या संध्याकाळी कोनाड्यात तोच दिवा तेवढ्याच वातीने लावला, तरी माजघर आदल्या दिवसापेक्षा कितीतरी अधिक उजळलेले दिसे, इतके की एरवी अंधारात बुडालेल्या तुळयांवरच्या गाठीही मोजता याव्यात. तेल वाढले नव्हते, वात वाढली नव्हती. मग हा वरकड उजेड आला कोठून, हा प्रश्न त्या वयात पडला तो पुढे पुष्कळ वर्षे तसाच राहिला. त्याचे उत्तर मला सापडले ते आमच्या वाड्याशी काडीचाही संबंध नसलेल्या एका विद्येच्या इतिहासात : घराच्या अंतर्भागाचे, पाहणाऱ्याला खरे वाटेल असे चित्र संगणकाच्या पडद्यावर उभे करण्याच्या विद्येच्या इतिहासात.

उत्तर निव्वळ हिशेबाचे आहे. समजा, सर्व बाजूंनी बंद अशा एका खोलीत दिव्याने १०० भाग उजेड ओतला, आणि तिच्या भिंती, छत, जमीन ही सारी आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी शेकडा ८० भाग परत करणारी आहेत. प्रथम १०० भाग पडले. त्यांतले ८० परत फिरून पुन्हा खोलीतच कोठेतरी पडले. त्यांतले ६४ परत फिरले. मग ५१, मग ४१. आणि ही उतरती श्रेढी शेवटपर्यंत मांडून बेरीज केली, तर पृष्ठांवर पडलेला एकंदर उजेड ५०० भाग भरतो. त्याच भिंती चुलीच्या धुराने काळवंडून शेकडा २० भागच परत करू लागल्या, तर ही बेरीज १२५ वर येऊन थांबते. दिव्याकडची आवक दोन्हीकडे सारखीच, परंतु एका खोलीत ती हातोहाती फिरत राहते आणि दुसरीत पहिल्या दोन-तीन हातांतच जिरून जाते. खऱ्या माजघराला दार असते, झरोका असतो, सारवलेली जमीन असते, म्हणून प्रत्यक्षात फरक चौपट पडत नाही. तरी चुना लावल्यावर तुळयांच्या गाठी का दिसू लागतात याची कैफियत या दोन बेरजांत पुरती आली आहे.

घराच्या आत आपण जे पाहतो त्याचा बराच मोठा भाग असा हातबदल झालेला उजेड असतो, ही गोष्ट चित्रकारांना शास्त्रज्ञांच्या फार आधी ठाऊक होती. पांढरी वस्तू शेजारच्या वस्तूचा रंग अंगावर घेते हे निरीक्षण लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत नोंदवून ठेवले आहे, आणि सतराव्या शतकात डेल्फ्ट गावी बसून फेर्मेरने रंगवलेल्या खोल्यांत एका खिडकीतून आलेला प्रकाश भिंतीवर, गालिच्यावर, पाण्याच्या सुरईवर आणि माणसांच्या चेहऱ्यांवर कसा वाटला जातो, हे ज्याने एकदा नीट पाहिले त्याला ते समजावून सांगावे लागत नाही. गणिताच्या भाषेत या वाटणीचा पाया घातला तो योहान हाइनरिख लाम्बर्टने. १७६० साली आउग्सबुर्ग येथे प्रसिद्ध झालेल्या ‘फोटोमेट्रिया’ या लॅटिन ग्रंथात, मेणबत्त्या, पडदे आणि स्वतःचे डोळे यांखेरीज फारसे साधन हाताशी नसताना, त्याने एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठावर जाणाऱ्या प्रकाशाचे नियम बांधले. मात्र दोन पृष्ठांपुरता सुटसुटीत असलेला हा हिशेब सबंध खोलीला लावू गेले की गुंता होतो, कारण प्रत्येक भिंत प्रत्येक दुसऱ्या भिंतीची एकाच वेळी धनकोही असते आणि ऋणकोही, आणि कोणाही एकीचे खाते इतर सर्वांची खाती पुरी झाल्यावाचून बंद करता येत नाही.

हा गुंता हाताने सोडवून त्याचे चित्र करण्याचा एक प्रयत्न संगणक-चित्रणाचा जन्म होण्यापूर्वीच झाला होता, आणि या सबंध इतिहासात मला तो सर्वांत हृद्य वाटतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले पॅरी मून हे विद्युत्-अभियंते. दीपनशास्त्रावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९३६ साली निघालेला. त्यांनी आणि डोमिना एबर्ली स्पेन्सर या गणितज्ञ विदुषीने मिळून एका रिकाम्या खोलीच्या भिंती, छत आणि जमीन यांचे तुकडे पाडले, परस्परांकडून परतणाऱ्या प्रकाशासह प्रत्येक तुकड्याची दीप्ती हाताने गणित करून काढली, त्या त्या दीप्तीशी जुळणाऱ्या छटेचे, मन्सेल या प्रमाणित रंगमालेतले कागद निवडले, खोलीच्या यथादर्शनाप्रमाणे ते कातरले, एकाला एक लावून चिकटवले आणि त्या चिकटकामाचे छायाचित्र घेतले. १९४६ साली अमेरिकेतल्या दीपन-अभियंत्यांच्या परिषदेपुढे ही चित्रे मांडली गेली. जी खोली कोणी बांधली नाही, जिच्यात कोणी दिवा लावला नाही, तिचे हे छायाचित्र होते. आणि त्यातला उजेड कात्री, कागद व कोष्टके यांच्या बळावर आलेला असला तरी त्याचा प्रत्येक अंश हिशेबाने आलेला होता. पुढे चाळीस वर्षांनी संगणकाने जे केले त्यात वेग अपार वाढला, परंतु कृतीचे टप्पे तेच राहिले : तुकडे पाडा, खाती मांडा, छटा भरा.

नवल असे की संगणकाने चित्रे काढायला आरंभ केला तेव्हा हा वारसा त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. १९६८ साली आयबीएममधल्या आर्थर ॲपल यांनी डोळ्यापासून वस्तूकडे आणि वस्तूपासून दिव्याकडे किरण काढून, वाटेत आडवे काही येते का हे तपासून, सावल्या पाडण्याची रीत बसवली. रेखाटन-यंत्राने उमटवलेल्या लहानमोठ्या अधिकचिन्हांनी त्यांच्या आकृतींना छटा आलेली असे. युटा विद्यापीठात आंरी गूरो यांनी १९७१ मध्ये आणि हॅनोईत जन्मलेल्या बुई तुआँग फाँग या तरुणाने १९७३ मध्ये वळणदार पृष्ठांवर छटा सलग उतरवण्याच्या पद्धती दिल्या; फाँग यांचा निबंध १९७५ साली छापून आला आणि त्याच वर्षी ते निवर्तले. त्यांची पद्धत आजही जगभर शिकवली जाते, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्यातली सर्वांत बोलकी गोष्ट तिच्या सूत्रातल्या एका अल्पशा स्थिरांकात आहे. दिव्याकडून थेट येणारा उजेड आणि पृष्ठावर चमकणारा ठिपका यांचा हिशेब केल्यावर, भिंतींवरून, छतावरून, आजूबाजूच्या सगळ्या पसाऱ्यावरून येणारा जो बाकीचा उजेड उरतो त्याचा तपशील न काढता, सर्व जागी सारखीच अशी एक ठोक रक्कम जमा धरायची. आपल्याकडे एखादे काम मोजमाप न करता उक्ते देऊन टाकतात, तसाच हा प्रकार. त्या काळच्या यंत्रांची कुवत पाहता त्यावाचून गत्यंतर नव्हते, हे खरे. परंतु त्या उक्त्या रकमेमुळेच त्या वेळची अंतर्गृहे निर्जीव दिसतात. पलंगाखालचा कोपरा आणि खिडकीशेजारचा कोपरा यांना सारखाच वाटा मिळाला की खोलीची खोलीपणाची जाणीवच नाहीशी होते.

१९८० साली बेल प्रयोगशाळेतल्या टर्नर व्हिटेड यांनी किरणांना वस्तूवर पोहोचून न थांबता आरशासारखे परतू दिले, काचेतून वळू दिले, आणि लाल-पिवळ्या चौकटींच्या पटावर तरंगणाऱ्या दोन गोलांचे ते प्रसिद्ध चित्र व्हॅक्स यंत्रावर ७४ मिनिटांत तयार केले. पाहणारे थक्क झाले, आणि व्हायलाच हवे होते. तरीही त्या चित्रात आरसा होता, काच होती, आणि साधी भिंत नव्हती. चकचकीत वस्तू एका किरणाचा एकच किरण परत करते, त्याचा माग काढता येतो. पण चुन्याची भिंत आपल्याकडे आलेला किरण सहस्र दिशांना उधळते, आणि तो हिशेब व्हिटेड यांच्या पद्धतीतही उक्ताच राहिला होता.

तो तपशीलवार मांडण्याची तजवीज न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात झाली, आणि ती तिथेच का झाली याचे कारण मला दोन माणसांच्या पूर्वायुष्यात दिसते. तिथला संगणक-चित्रणाचा विभाग १९७४ साली स्थापन करणारे डोनाल्ड ग्रीनबर्ग हे वास्तुकला आणि बांधकाम-अभियांत्रिकी या दोन्ही वाटांनी आलेले; सेंट लुईसच्या प्रचंड कमानीच्या अभियांत्रिकी कामात त्यांचा हात होता. न बांधलेल्या इमारतीच्या आत उजेड कसा असेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे चित्रपटवाल्याच्या नजरेने नव्हे, तर वास्तुविशारदाच्या नजरेने उभा होता, आणि वास्तुविशारदाला उक्त्या रकमेने भागत नाही. दुसरे केनेथ टॉरन्स हे यंत्र-अभियंते. मिनेसोटात एफ्रैम स्पॅरो यांच्याबरोबर त्यांनी उष्णतेच्या उत्सर्जनाचा अभ्यास केलेला. भट्टीच्या तापलेल्या भिंती एकमेकींना किती उष्णता देतात-घेतात हे उष्णता-अभियंते कितीतरी वर्षे मोजत आले होते. त्यासाठी ‘एका पृष्ठावरून निघालेल्या उष्णतेचा कितवा हिस्सा दुसऱ्या पृष्ठावर पोहोचतो’ हे सांगणारा आकडा त्यांनी पक्का केला होता. फॉर्म फॅक्टर हे त्याचे रूढ नाव. पृष्ठावरून एकंदर बाहेर पडणाऱ्या उत्सर्जनाला त्यांच्यात रेडिओसिटी म्हणत. उष्णता काय आणि प्रकाश काय, भिंतीभिंतींतल्या देवघेवीचे गणित एकच. भट्टीची खातेवही खोलीला लावायची एवढेच बाकी होते.

१९८४ च्या जुलैत मिनिआपोलिस येथे भरलेल्या, संगणक-चित्रणाच्या सिग्राफ परिषदेत सिंडी गोराल, टॉरन्स, ग्रीनबर्ग आणि बेनेट बॅटेल यांनी तो निबंध वाचला. त्यातला नमुना म्हणजे एक साधी पेटी : एक बाजू लाल, समोरची निळी, बाकीच्या पांढऱ्या, आणि आत काहीही नाही. आत काही नसण्याला कारण होते; एका पृष्ठाला दुसरे पृष्ठ झाकते तेव्हा हिस्से कसे काढायचे याची सोय त्या पहिल्या रीतीत नव्हती. पण त्या रिकाम्या पेटीत जे दिसले ते त्यापूर्वी कोणत्याही संगणकाच्या पडद्यावर दिसले नव्हते. पांढऱ्या जमिनीची जी कड लाल भिंतीला लागून आहे ती लालसर आहे. भिंतीपासून दूर जावे तशी ती लाली विरत जाते, मध्ये कोठेतरी नाहीशी होते, आणि पलीकडच्या अंगाला निळसर झाक सुरू होते. कोपऱ्यांत उजेड किंचित दबलेला आहे, आणि कोठेही रेघ ओढल्यासारखी सीमा नाही. वलणीवर वाळत घातलेल्या लाल लुगड्याची झाक शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर उतरलेली ज्याने पाहिली असेल, त्याला ती पेटी लगेच ओळखीची वाटेल. हीच पुढे ‘कॉर्नेल बॉक्स’ या नावाने त्या विद्येचा वजनमापाचा शेर ठरली. तिचा जो नमुना नंतर सर्वत्र रूढ झाला त्यात एक भिंत लाल व दुसरी हिरवी, छतात एक चौकोनी दिवा आणि आत एक बुटका व एक उंच असे दोन ठोकळे असतात. पेटीची बाजू सुमारे ५५ सेंटिमीटर. आणि तिच्या रंगांची मोजमापे सर्वांसाठी खुली ठेवलेली आहेत. प्रकाशाची कोणतीही नवी रीत आजही प्रथम या पेटीत घालून तिची रुजवात पाहतात.

दुसऱ्याच वर्षी, १९८५ मध्ये, दोन गोष्टी एका परिषदेत घडल्या. कॉर्नेलचे मायकेल कोहेन आणि ग्रीनबर्ग यांनी झाकणाऱ्या वस्तूंचा प्रश्न सोडवला : प्रत्येक तुकड्यावर एक अर्धा घन बसवायचा, त्याच्या बाजूंवर बारीक चौकटी आखायच्या, आणि त्या तुकड्यावरून पाहिल्यास प्रत्येक चौकटीतून सर्वांत जवळचे कोणते पृष्ठ दिसते ते नोंदवायचे, जे झाकले गेले ते आपोआप वगळले जाते. त्याच ठिकाणी हिरोशिमा भागातून आलेले तोमोयुकी निशिता आणि एइहाचिरो नाकामाए यांनी स्वतंत्रपणे, आपल्या वाटेने, त्याच मुक्कामाला पोहोचलेला निबंध मांडला. समुद्रापलीकडच्या दोन गावी एकाच वेळी एकच खातेवही उघडली जावी, यावरून प्रश्न किती पिकलेला होता हे ध्यानी येते.

पण वही उघडणे निराळे आणि ती पुरी लिहून काढणे निराळे. खोलीचे १,००० तुकडे पाडले तर परस्परांतल्या हिश्शांची संख्या १० लाखांवर जाते, आणि टेबलाच्या पायाखालची सावली नीट दिसायची तर हजार तुकडे कशालाच पुरत नाहीत. शिवाय सगळी समीकरणे सुटेपर्यंत पडद्यावर काहीच दिसत नसे. १९८८ मध्ये कोहेन, शेंचांग एरिक चेन, जॉन वॉलेस आणि ग्रीनबर्ग यांनी यावर जी तोड काढली ती कोणाही जुन्या फडणिसाने मान डोलवावी अशी आहे. प्रत्येक खात्याने इतर सर्वांकडून आपली येणी गोळा करीत बसायचे, हा शिरस्ता त्यांनी उलटवला; ज्या खात्यात वाटायची शिल्लक सर्वांत मोठी, त्याने आधी सर्वांना वाटप करायचे, मग उरलेल्यांत ज्याची शिल्लक मोठी त्याने, आणि प्रत्येक वाटपागणिक चित्र पडद्यावर दाखवीत जायचे. पहिला वाटा अर्थातच दिव्याचा, मग दिव्याखालच्या जमिनीचा, मग छताचा. चित्र पहिल्या क्षणापासून दिसू लागते आणि हळूहळू उजळत जाते. उरलेल्या बाक्या इतक्या किरकोळ होतात की हवे तेव्हा वही मिटावी.

त्या मंडळींबद्दल मला विशेष आदर वाटतो तो एका प्रयोगामुळे. खरी वाटणारी चित्रे काढली असे म्हणणे सोपे असते, पण खरेपणाची खातरजमा करायची कोणी आणि कशाशी ताडून? गॅरी मेयर, हॉली रशमायर, कोहेन, ग्रीनबर्ग आणि टॉरन्स यांनी खरी पेटी बनवून तिच्यात खरा दिवा लावला, शेजारी तिचेच संगणकाने काढलेले चित्र ठेवले, आणि दोन्ही दृश्ये मोठ्या कॅमेऱ्यांच्या मागच्या काचेवर उमटतील अशी व्यवस्था केली, म्हणजे दूरजवळच्या खऱ्याखोट्या खुणा डोळ्यांना मिळू नयेत. मग पाहणाऱ्यांना विचारले : यांतली खरी पेटी कोणती? १९८६ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तान्ताप्रमाणे, पाहणाऱ्यांची उत्तरे नाणे उडवून मिळाली असती त्याहून अधिक बरोबर आली नाहीत. पुढच्या वर्षी वॉलेस यांनी फेर्मेरच्या धर्तीवर एका डच दालनाचे चित्र संगणकावर काढले. ज्या चित्रकाराने हा हिशेब केवळ डोळ्यांनी केला होता त्याला ही विद्या अशी नमस्कार करून गेली.

१९८६ मध्येच कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या जेम्स काजिया यांनी सर्व रीतींना पोटात घेणारे एक समीकरण मांडले. एखाद्या बिंदूवरून एखाद्या दिशेला जाणारा प्रकाश म्हणजे तिथे मुळात उपजणारा प्रकाश अधिक चहूकडून येऊन परत फिरणारा प्रकाश, एवढाच त्याचा आशय. उष्णता-उत्सर्जनाच्या ग्रंथांत त्याची भावंडे होती, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. ते सोडवायला मात्र त्यांनी भट्टीची वही घेतली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस ॲलामॉस येथे उलाम आणि फॉन नॉयमान यांनी न्यूट्रॉनांच्या प्रवासासाठी जी मॉन्टे कार्लो पद्धती घडवली, तिच्याप्रमाणे डोळ्यातून निघालेल्या किरणाला प्रत्येक पृष्ठावर यदृच्छेने एकच वाट निवडू द्यायची, तो दिव्याला भिडला तर त्याची जमा धरायची, आणि अशा पुष्कळ भटकंत्यांची सरासरी घ्यायची, ही त्यांची रीत. किरण थोडे असले की चित्रावर रव्यासारखे दाणे पसरतात. किरण वाढवावे तसे ते दाणे बसत जातात. अणुविभाजनाच्या गणितातून माजघरातला उजेड मोजण्याचे साधन निघावे, यातले वैचित्र्य मला आजही जुने वाटत नाही.

या ठिकाणी इतिहासाची एक वाट मुंबईवरून जाते, आणि तिची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुशीत वाढलेल्या एका केंद्रातून १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, उभे राहिले. त्याचे ठाणे जुहूला. तिथे सुधीर मुदूर आणि सुमंत पट्टनाईक या दोघांनी नव्वदीच्या आरंभी प्रकाशाच्या याच समीकरणावर काम केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की खोलीच्या हिशेबाला दोन वह्या असतात. एक दिव्याच्या बाजूने लिहिलेली. ती प्रत्येक जागी किती उजेड पोहोचला ते सांगते. दुसरी डोळ्याच्या बाजूने लिहिलेली. ती प्रत्येक जागेवरून निघालेला उजेड अखेर पाहणाऱ्याच्या किती उपयोगी पडणार ते सांगते. कपाटामागच्या भिंतीवर कितीही उजेड असला आणि तो डोळ्यापर्यंत कोणत्याच मार्गाने येत नसला, तर पहिल्या वहीत ती भिंत श्रीमंत आणि दुसरीत दरिद्री. दोन्ही वह्या परस्परांच्या प्रतिबिंबासारख्या आहेत, आणि दुसरीच्या आधाराने पहिलीतली मेहनत जिथे लागेल तिथेच खर्च करता येते. न्यूट्रॉनांच्या शास्त्रात मुरलेली ही कल्पना चित्रणाच्या क्षेत्रात स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्या पहिल्या निबंधांत या दोघांच्या निबंधांची गणना होते. १९९३ मध्ये एक युरोपीय नियतकालिकात आणि १९९५ मध्ये एक अमेरिकन नियतकालिकात असे ते छापले गेले. पट्टनाईक पुढे कॉर्नेललाच गेले आणि उजेड-अंधाराला सरावणारा डोळा व पडदा यांतले अंतर कसे भरून काढावे यावर १९९८ साली त्यांनी ग्रीनबर्ग आदींबरोबर महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. एनसीएसटी २००३ मध्ये सी-डॅक या सरकारी संगणन-संस्थेत विलीन झाले. मुंबईत या विद्येची साधने ग्राहक म्हणून आज शेकडो कार्यालये वापरतात. तिच्या पायाचा एक दगड जुहूला घडवला गेला, हे त्यांच्यापैकी किती जणांच्या कानी असेल?

बर्कलेच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी ‘रेडियन्स’ नावाची जी प्रणाली रचली तिचा हेतू चित्र हा नव्हताच. इमारतीत दिवसाउजेडी दिवे न लावता काम कसे चालेल, ऊर्जा कशी वाचेल, हे वास्तुविशारदांना आधी कळावे हा होता. १९८८ च्या निबंधात त्यांनी एक साधे निरीक्षण उपयोगात आणले : भिंतींवरून परतलेला उजेड जागोजागी फार हळू बदलतो. मग सबंध शिवाराची मोजणी कशाला, काही ठिकाणी काळजीपूर्वक पाहणी करून मधल्या जागांची आणेवारी त्यावरून ठरवावी. आमच्याकडच्या पीकपाहणीत मुरलेल्या कारकुनाला ही युक्ती सांगावी लागली नसती.

आणि मग ते दार. एरिक वीच यांनी १९९७ साली स्टॅनफर्ड येथे लिहिलेला प्रबंध या विषयात आजही हाताशी ठेवला जातो. त्यासाठी २०१४ मध्ये त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक सन्मान मिळाला. त्यांच्या चित्रांतली एक खोली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ तिच्यासमोर बसून राहिलो. मेजावर चहाच्या किटल्या आहेत. खोलीत दिवा नाही. पलीकडच्या खोलीत आहे, आणि मधले दार जेमतेम किलकिले आहे. सगळा उजेड त्या फटीतून येतो, पलीकडच्या भिंतींवर आपटून, अनेक हात बदलून. डोळ्याकडून यदृच्छेने सोडलेल्या लाखो किरणांपैकी त्या फटीतून जाणारे इतके थोडे, की साध्या रीतीने चित्र दाण्यांनीच भरून जाते. वीच आणि त्यांचे गुरू लिओनिदास ग्विबास यांनी १९५३ सालच्या मेट्रोपोलिस पद्धतीचा आश्रय केला : एखादी वाट सापडली की ती टाकून न देता तिला थोडी थोडी हलवून तिच्या आसपासच्या वाटा धुंडाळायच्या. चौक, ओसरी, उंबरा, माजघर. माझ्या लहानपणी उजेड ज्या वाटेने येई तिला इतक्या नेमकेपणाने ओळखणारे दुसरे काही मला आजवर भेटलेले नाही.

त्यानंतरचा भाग व्यवहाराचा आहे आणि तो सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला. २००६ मध्ये ‘मॉन्स्टर हाउस’ हा सबंध चित्रपट काजियांच्या वाटेने, भटकत्या किरणांनी उजळला गेला. त्याच वर्षी आयकिया या स्वीडिश फर्निचर-कंपनीच्या सूचिपत्रात एका लाकडी खुर्चीचे संगणकीय चित्र प्रथम आले, आणि २०१४ च्या सुमारास तिथल्या एकेकट्या वस्तूंच्या चित्रांपैकी सुमारे तीनचतुर्थांश चित्रे अशीच तयार होत होती. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरच्या फलकांत न बांधलेल्या सदनिकांचे जे दिवाणखाने झळकतात, त्यांच्या छताचा पांढरेपणा आणि गालिच्याची त्यावर पडलेली झाक हीदेखील याच वहीतली.

आमचा वाडा पाडून आता अकरा वर्षे झाली. माझी पुतणी वास्तुकलेची पदवीधर. गेल्या दिवाळीत तिने ब्लेंडर नावाच्या विनामूल्य प्रणालीत, माझ्याकडच्या जुन्या मोजमापांवरून आणि चार फिकट छायाचित्रांवरून, ते माजघर पुन्हा उभे केले. पडद्यावर आधी नुसता दाण्यांचा पसारा दिसला, मग त्यातून तुळया वर आल्या, मग कोनाडा, मग दाराची चौकट. सर्व मापे बरोबर होती, चुन्यातली नीळसुद्धा मी सांगितल्याप्रमाणे तिने धरली होती, आणि तरी ती जागा मला परकी वाटत राहिली. का ते सांगता येईना. शेवटी ध्यानात आले की जमीन तिने करड्या फरशीची धरली आहे. माजघर शेणाने सारवलेले असे, आणि दर शनिवारी ते नव्याने सारवले जाई, हे मी तिला सांगायलाच विसरलो होतो. तिने रंग बदलला, दाणे पुन्हा उधळले, पुन्हा बसत गेले. भिंतींचा खालचा हातभर भाग किंचित पिवळसर-हिरवट झाला, तीच झाक पुसट होत वर चढली आणि तुळयांच्या खालच्या अंगाला जाऊन टेकली.

“काका, दिवा कोनाड्यात बरोबर मध्ये ठेवू ना?” तिने विचारले.

मध्ये नाही, मी म्हणालो, थोडा उजवीकडे. डावीकडे आजीची तेलाची बुधली असे.